परतीपुरतं पेट्रोल

आमच्या आदिलाबादेत कुणी मोटारसायकल घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असे: ‘ॲव्हरेज किती?’ किंमत, रंग, वेग हे सगळं त्यानंतर. यात कंजुषी नव्हती. पेट्रोल पंप हमरस्त्याला आणि माणसांची कामं हमरस्ता सोडून आत डोंगरात, अशी या जिल्ह्याची रचना. गुडीहतनूरला सात नंबरचा राष्ट्रीय महामार्ग सोडून इंद्रवेल्ली, उटनूर, नारनूरकडे वळणाऱ्याला निघतानाच हिशेब करावा लागे, की टाकीत आहे तेवढ्यात जाऊन परत येता येईल का. माझ्या पिढीला ॲव्हरेज म्हणजे रात्री घरी पोचण्याची खात्री वाटायची. बुलेट, येझदी आणि राजदूतच्या कार्बोरेटरवर इथल्या मिस्त्र्यांनी वर्षानुवर्षं मेहनत घेतली ती या खात्रीसाठी. ते कौशल्य आता मावळतीला लागलंय. ते जाणणारी माणसं आहेत तोवर त्याची नोंद व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

मी जिल्हा परिषदेच्या मराठी माध्यमाच्या शाळांत विज्ञान शिकवलं. बेला, बोथ, नारनूर अशा बदल्या होत गेल्या. आधी येझदी चालवली, नंतर बुलेट. बुलेट अजून दारात आहे आणि तिचा कार्बोरेटर मी स्वतः उघडतो. शाळा सुटल्यावर गॅरेजात बसायची सवय तेव्हापासूनची. हवेच्या दाबाचा धडा शिकवताना मी वर्गात कार्बोरेटर घेऊन जात असे. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगानं गेली की तिथला दाब कमी होतो आणि वाटीतलं पेट्रोल आपोआप वर खेचलं जातं, हे हातात धरून दाखवलं की शेवटच्या बाकावरच्या पोरालाही समजत असे.

या रस्त्यांचा इतिहास फार जुना नाही. निजामाच्या काळात हा मुलूख सिरपूर-तांडूर जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ च्या फेररचनेनंतर आदिलाबाद जिल्हा हे नाव रूढ झालं. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेनं २७ बसगाड्यांनिशी संस्थानात प्रवासी वाहतूक सुरू केली, पण जिल्ह्याच्या मधून जाणाऱ्या सातमाळा रांगेत त्यानंतरही कितीतरी वर्षं बंडीवाटाच होत्या. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी उटनूरच्या डोंगरात मारलवाईला राहून गोंडांचा अभ्यास केला, तो अशाच वाटांच्या काळात. नागपूर ते हैदराबाद हा हमरस्ता मात्र पैनगंगा ओलांडून आदिलाबादवरून, पुढे इचोडा, नेरडीगोंडा, निर्मलवरून गोदावरीकडे उतरत होता. आदिलाबादहून नागपूर सुमारे २०० किलोमीटर, हैदराबाद सुमारे ३००. वाराणसी ते कन्याकुमारी जाणाऱ्या त्या सात नंबरच्या रस्त्याच्या आमच्याकडच्या भागाला आता ४४ नंबर मिळालाय.

मग १९५६ आलं. राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट हे तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेलं. नांदेडच्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलं आंध्रात राहिली आणि पुढे आमच्या जिल्ह्याला जोडली गेली. नकाशावर रेघ पडली तरी सोयरिकी तुटल्या नाहीत. माझं आजोळ नदीपलीकडे, पांढरकवड्याच्या बाजूला. बेला-जैनथकडच्या कितीतरी घरांतल्या लेकी पलीकडे दिलेल्या आणि सुना पलीकडून आणलेल्या. लग्न, बारसं, दहावं, शेताचा वाद, यासाठी माणसाला नदी ओलांडावी लागे. बसची वेळ जुळली नाही की सगळी मदार मोटारसायकलवर. जिल्ह्यातल्या मराठी कुटुंबांची दोन राज्यांत पसरलेली नाती सांभाळण्यात या गाड्यांचा मोठा वाटा आहे.

आमच्या रस्त्यांवर तीन गाड्या दिसायच्या. बुलेटचं भारतातलं काम १९५५ मध्ये मद्रासला सुरू झालं, तेही लष्कराच्या मागणीवरून. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा निघू लागली आणि १९७३ मध्ये तिचं नाव येझदी झालं. एस्कॉर्ट्सची १७५ सीसीची राजदूत पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बेतलेली. राजदूत दूधवाल्यांची आणि ग्रामसेवकांची, कारण तिच्यावर कॅन लटकवा, पोतं टाका, ती तक्रार करत नसे. येझदी तरुण मास्तरांची आणि औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींची. बुलेट कापसाच्या अडत्यांची, कंत्राटदारांची आणि लांबचा प्रवास करणाऱ्यांची.

लांबच्या प्रवासाला बुलेटची बरोबरी नव्हती. साडेचौदा लिटरची टाकी, सावकाश फिरणारं चार स्ट्रोकचं इंजिन. नीट सेटिंग असेल तर आमच्या रस्त्यावर ती लिटरला ३५ किलोमीटर सहज देई. म्हणजे इथे टाकी भरून निघालेला माणूस हैदराबादला पोचूनही निम्म्या परतीइतकं पेट्रोल शिल्लक राखी. दोन स्ट्रोकच्या येझदीचं गणित वेगळं. तिच्यात जळालेला धूर बाहेर ढकलायचं काम ताजं मिश्रणच करतं आणि ते करताना त्यातलं बरंचसं न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातं. लिटरला २५ ते ३० हाती लागे. तेवढ्याच पैशांत अधिक पल्ला कसा मिळवायचा, हे शास्त्र आमच्याकडे म्हणूनच येझदी आणि राजदूतवाल्यांनी जास्त घासलं.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला. नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले. आमच्या जिल्ह्यात बंडी हे रोजचंच वाहन होतं आणि मोटारसायकलवाल्यांपैकी कितीतरी जणांना पुन्हा तिच्याकडे वळावं लागतं की काय, अशी ती वेळ होती. त्या वर्षांनी गॅरेजांचं काम पालटलं. तोवर माणूस गाडी बिघडली की मिस्त्रीकडे जाई. आता तो चालती गाडी घेऊन जाऊ लागला आणि म्हणू लागला, उस्ताद, पाच किलोमीटर वाढवून द्या.

बसस्टँडच्या आसपासची आणि हमरस्त्याच्या कडेची ती गॅरेजं म्हणजे पत्र्याचं छप्पर, तेलानं काळी झालेली जमीन आणि पेट्रोलच्या थाळीत बुडवलेले जेट. कुणी हैदराबादला शिकून आलेला, कुणी नागपूरला. गिऱ्हाइकाशी मराठीत, पोऱ्याशी तेलुगूत आणि यंत्राशी दखनीत बोलणारे उस्ताद मी पाहिलेत. त्यांच्यातले थोडेच शाळेत टिकलेले, पण मिश्रणाचं तत्त्व त्यांना पाठ होतं. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोलला नऊ हजार लिटरच्या वर हवा. पेट्रोल याहून थोडं जास्त असेल तर ताकद वाढते, हवा थोडी जास्त असेल तर पल्ला वाढतो आणि हवा फारच वाढली तर इंजिन तापतं. हे आकडे मी त्यांना पुस्तकातून वाचून दाखवायचो. आकडा ऐकण्याआधीच उस्तादांना प्लगवरून ते कळत असे.

प्लग वाचणं ही पहिली विद्या. गाडी दहा-पंधरा किलोमीटर एका चालीनं पळवायची, क्लच दाबून तिथल्या तिथे बंद करायची आणि मायकोचा प्लग उघडायचा. टोक विटकरी असेल तर मिश्रण बरोबर. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. पांढरं फटक पडलं असेल तर हवा जास्त, आणि हा पांढरा रंग आमच्याकडे सगळ्यांत धोक्याचा मानला जाई. गावात थांबत थांबत आलेल्या गाडीचा प्लग उस्ताद बघतच नसत, कारण तो खरं सांगत नाही.

दुसरी विद्या बाटलीची. टाकीचा नळ बंद करून हँडलला शंभर मिलिलिटरची बाटली टांगायची, तिची नळी कार्बोरेटरला जोडायची आणि पेट्रोल संपेपर्यंत सपाट रस्त्यावर एका वेगानं जायचं. जेवढे किलोमीटर होतील त्याला दहानं गुणायचं. सेटिंगआधी एकदा आणि सेटिंगनंतर एकदा, त्याच रस्त्यावर, शक्यतो त्याच वेळी. मी ही चाचणी विद्यार्थ्यांना प्रयोगाचं उदाहरण म्हणून सांगत असे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं.

आणि मग प्रत्यक्ष सेटिंग. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलाच्या वाटा तीन. गाडी जागच्या जागी धडधडते किंवा ॲक्सिलरेटर जेमतेम उघडा असतो तेव्हा पायलट जेटमधून, मधल्या टप्प्यात नीडलच्या कडेनं आणि पुरता ॲक्सिलरेटर ओढला की मेन जेटमधून. नवशिक्या मिस्त्री ॲव्हरेजसाठी थेट मेन जेट लहान करायचा. काही जण तर जेटच्या छिद्रात तांब्याच्या तारेचा एक धागा सरकवून ते बारीक करायचे. जाणता उस्ताद मेन जेटला हात लावत नसे. तो विचारायचा, की तुम्ही पुरता ॲक्सिलरेटर ओढून चालवता किती? लांबच्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरनं जाणारी बुलेट बहुतेक वेळ नीडलवर चालते. म्हणून तिथेच काम करायचं. नीडलच्या डोक्याजवळ पाच खाचा असतात आणि एकीत बारीक लॉक बसवलेला असतो. लॉक एक खाच वर घेतला की नीडल तेवढी खाली उतरते आणि पेट्रोल आवळलं जातं. एक खाच, मग बाटली, मग प्लग. पुन्हा गरज वाटली तरच दुसरी.

एअर स्क्रूचं काम इंजिन गरम असतानाच. आधी तो हलक्या हातानं पुरता कसायचा, मग दीड फेरा सोडायचा. मग पाव-पाव फेरा मागे-पुढे करत जिथे इंजिन सगळ्यांत मोकळं आणि वेगानं फिरेल ती जागा धरायची आणि आयडलचा स्क्रू उतरवून रेस पुन्हा खाली आणायची. हे करताना उस्ताद डोळे मिटून ऐकत. त्या क्षणी गॅरेजातला रेडिओ बंद व्हायचा आणि पोऱ्यांनी पाने आपटायचे नाहीत, असा शिरस्ताच होता.

या सगळ्याला आमच्या जिल्ह्याची हवा येऊन मिळते. तेलंगणातल्या सगळ्यांत थंड जिल्ह्यांत आदिलाबादचं नाव येतं आणि उन्हाळाही तितकाच कडक. पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते तेव्हा पहाटे गाडीच्या सीटवर दव साचलेलं असतं. ८ अंशांची ती हवा मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १३ टक्के दाट असते. दाट हवेत प्राणवायू जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त लागतं. कार्बोरेटर हा फरक पुरता ओळखू शकत नाही. त्यामुळे भर उन्हाळ्यात दुपारी आवळून ठेवलेली गाडी हिवाळ्यात किकेला दाद देत नाही आणि चालू झाली तरी फटफटत, मिसिंग मारत चालते. आमचे उस्ताद दिवाळीनंतर एकदा आणि होळीनंतर एकदा अशी दोन सेटिंगं करत. एका गॅरेजाच्या भिंतीवर खडूनं गाडीचा नंबर, लॉकची खाच आणि एअर स्क्रूचे फेरे असे तीन रकाने लिहिलेले असायचे. जिल्ह्याच्या हवामानाची ती वही मी कुठल्याही सरकारी नोंदीइतकीच मोलाची मानतो.

दुसरी गोष्ट कापूस. आदिलाबादचं मार्केट यार्ड आणि जिनिंग म्हणजे हिवाळाभर हवेत उडणारे तंतू. काळ्या मातीची धूळ आणि हे तंतू एकत्र आले की एअर फिल्टरवर वाकळ अंथरल्यासारखा थर बसतो. हवा अडली की तेच कार्बोरेटर पेट्रोल जास्त ओढू लागतं. कितीतरी गिऱ्हाइकांची गाडी पेट्रोल पिते ही तक्रार फिल्टर झटकून, रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून आणि हलका तेलाचा हात देऊन मिटायची. कापसाच्या हंगामात उस्ताद कार्बोरेटर उघडण्याआधी फिल्टर बघत. मी आजही हाच क्रम पाळतो आणि पेट्रोल वाचवायचं असेल त्यानं इथूनच सुरुवात करावी, असं सांगतो.

दोन स्ट्रोकवाल्यांसाठी आणखी एक धोका होता आणि तो समजावून सांगायला उस्तादांना फार वेळ द्यावा लागे. येझदी-राजदूतमध्ये वंगणाचं तेल पेट्रोलातच मिसळलेलं. पेट्रोल आवळलं की पिस्टनला मिळणारं तेलही आपोआप आवळलं जातं. मे महिन्याच्या दुपारी, मागे बायको आणि पुढे टाकीवर पोर बसवून निर्मलच्या बाजूनं महबूब घाट चढताना अशी गाडी पिस्टन धरते आणि वाचवलेल्या पेट्रोलापेक्षा बोअरिंगचा खर्च कैकपट होतो. त्यामुळे येझदीला ॲव्हरेज द्यायचं ते दुसऱ्या बाजूनं. सायलेन्सरच्या आतल्या नळ्या काढून त्यांच्यातली काजळी जाळायची, पोर्ट खरवडायचे, पॉइंटचा गॅप पाहून टायमिंग बरोबर करायचं. धुराची वाट मोकळी झाली की तीच गाडी, त्याच जेटवर, जास्त पळते.

गाडीच्या बाकीच्या अंगांकडेही हेच उस्ताद लक्ष द्यायला शिकवत. मागचं चाक स्टँडवर हातानं फिरवून बघा, ते मोकळं फिरत नसेल तर ब्रेक धरतोय. चेन फार ताणलेली असेल तरी आणि फार सैल असेल तरी ताकद वाया जाते. टायरमधली हवा कमी असेल तर कार्बोरेटरचं सगळं सेटिंग फुकट. बुलेटचे टॅपेट थंड इंजिनावर तपासा, पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे. आणि वेग. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ५० नं जाणाऱ्याला जेवढा वारा अडवतो त्याच्या जवळजवळ दुप्पट तो ७० नं जाणाऱ्याला अडवतो. १९७८ मध्ये केंद्र सरकारनं स्थापन केलेली पेट्रोलियम संवर्धन संस्था हेच वर्षानुवर्षं सांगत आली की ४५ ते ५५ चा वेग ठेवा. आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या बुलेटवाल्यांच्या हाताला ती सवय आधीपासूनच होती, कारण पुढचा पंप किती लांब आहे हे त्यांना ठाऊक असे.

याच काळात कार्बोरेटरही बदलत गेला आणि त्याची वंशावळ मला फार रम्य वाटते. विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ मध्ये जर्मनीत पेट्रोलाचा फवारा उडवणारा कार्बोरेटर घडवला. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये तीन कारखाने एकत्र येऊन अमाल ही कंपनी झाली आणि आमच्या जुन्या बुलेटांवर अमालच असायचा. पुढे जपानच्या मिकुनीनं अमालशी करार करून ती विद्या घेतली, स्वतःची केली आणि १९८५ मध्ये स्थापन झालेल्या चेन्नईच्या यूकॅलनं मिकुनीच्या सहकार्यानं मिककार्ब बनवायला घेतला. माझ्या बुलेटवरचा २४ मिलिमीटरचा मिककार्ब म्हणजे बर्मिंगहॅमच्या त्या घराण्याचा जपानमार्गे चेन्नईला आलेला वंशज. अमाल जाणणाऱ्या उस्तादांना मिककार्ब शिकायला म्हणूनच वेळ लागला नाही. वाटा त्याच तीन, खाचा त्याच पाच.

१९८० चं दशक ॲव्हरेजच्या स्पर्धेचं. १९८३ मध्ये यामाहाच्या सहकार्यानं राजदूत ३५० आली. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर आणि वेग असा की आदिलाबादच्या पोरांनी तिच्या गोष्टी सांगाव्यात. पण पेट्रोल तिला पुरत नव्हतं, म्हणून कंपनीनं ताकद कमी करून, ॲव्हरेज वाढवून तिचा दुसरा अवतार काढला. तोही फार टिकला नाही. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि लिटरला ८० किलोमीटरच्या तिच्या जाहिरातीनं सगळं मोजमापच बदललं. चार स्ट्रोक, ९७ सीसी, टाकी भरा आणि विसरा. नारनूरच्या आश्रमशाळेतला मास्तर आता एका टाकीत आठवड्याभराच्या फेऱ्या करू लागला. डोंगरातल्या पाड्यांना आरोग्य कर्मचारी, विमा एजंट, बियाण्यांचे विक्रेते वारंवार भेटू लागले. उटनूरच्या आदिवासी विकास यंत्रणेचं काम गावोगाव पोचण्यातही या हलक्या गाड्यांची मदत झाली, हे मी शाळेच्या अंगणातून पाहिलंय. पुढे डिझेलवर चालणारी बुलेटही रस्त्यावर दिसायची. ३२५ सीसीचं छोटं लोंबार्डिनी इंजिन, ताशी जेमतेम ६५ चा वेग, पण लिटरला ७० च्या पुढे पल्ला. ज्याला घाई नव्हती आणि अंतर मोठं होतं अशा माणसानं ती घेतली.

मग हळूहळू कार्बोरेटरचा काळ संपत आला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. प्रदूषणाचे नियम दर काही वर्षांनी कडक होत गेले. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला होता. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि नव्या मोटारसायकलींवरून कार्बोरेटर उतरला. आता इंजेक्शनची यंत्रणा हवेचं तापमान स्वतः मोजते आणि हिवाळ्या-उन्हाळ्याचा हिशेब क्षणाक्षणाला करते. उस्तादांनी दिवाळीला आणि होळीला केलेलं काम ती रस्त्यानं जाता जाता करते. हे चांगलंच झालं. हवा स्वच्छ राहते, पेट्रोल वाचतं आणि नव्या गाडीवाल्याला कुणावर अवलंबून राहावं लागत नाही.

मला काळजी आहे ती जुन्या गाडीवाल्यांची. बेला, जैनथ, तलामडगू, नारनूर, गादीगुडा इकडच्या गावांत अजूनही कार्बोरेटरच्या गाड्या रोजच्या कामाला लागलेल्या आहेत. शेतकरी, दूधवाले, फेरीवाले त्या चालवतात, नवी घेणं त्यांना झेपत नाही. आणि पंपावरचं पेट्रोल बदललंय. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं मिश्रण येऊ लागलं आणि आता तेच सर्वत्र मिळतं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलाच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून लिटरमागे पल्ला सहा-सात टक्क्यांनी घटणं साहजिक आहे. त्याला जळायला हवाही कमी लागते. एक ग्रॅमला ९ ग्रॅम. म्हणजे शुद्ध पेट्रोलावर बेतलेल्या कार्बोरेटरमध्ये आता हवा जास्त पडते. प्लग पांढरा होतो, इंजिन तापतं आणि दोन स्ट्रोकवाल्याचा पिस्टन धोक्यात येतो. ॲव्हरेज घटलं म्हणून एखाद्यानं मिश्रण आणखी आवळलं तर तो गाडी मारून बसेल. इथे उलट करायला हवं: लॉक एक खाच खाली, गरज पडल्यास मेन जेट एक नंबर मोठा. जुन्या गाड्यांच्या नळातलं बूच आणि रबरी नळ्या इथेनॉलला टिकतील अशा बदलायच्या. आणि इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवायची.

हे सांगणारा माणूस आता गावोगाव उरलेला नाही. जुने उस्ताद थकलेत, त्यांची मुलं स्कॅनर लावून दुरुस्ती करतात आणि ते योग्यच आहे. पण आयटीआयच्या अभ्यासक्रमातून कार्बोरेटर पुरता काढून टाकायची घाई करू नये. उलट आमच्या जिल्ह्यात तरी त्याचा छोटा स्वतंत्र वर्ग चालवावा, तेलुगू आणि मराठी दोन्हींतून. शिकवायला याच उस्तादांना मानधन देऊन बोलवावं. प्लग वाचणं, बाटलीची चाचणी, नीडलची खाच, एअर स्क्रूचे फेरे, कापसाच्या हंगामातला फिल्टर आणि इथेनॉलसाठीचं सेटिंग, एवढा पाठ पुरे आहे. त्यांच्या भिंतींवरचे आणि डोक्यातले आकडे एका वहीत उतरवून तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवावेत. जिल्ह्याचा इतिहास लिहिताना आपण राजवाडे, मंदिरं, लढे यांची नोंद करतो. १९४० मध्ये जोडेघाटला गोंड नेते कोमराम भीम लढले त्या डोंगरात नंतरच्या काळात शाळा, दवाखाना, टपाल ज्यांच्यामुळे पोचलं, त्या गाड्या चालत्या ठेवणाऱ्या हातांचीही नोंद त्यात असली पाहिजे. मी माझ्या बुलेटचे सगळे आकडे, ऋतूप्रमाणे आणि आता इथेनॉलप्रमाणे, लिहून काढलेत. जुनी गाडी असलेल्या प्रत्येकानं आपापल्या उस्तादाकडे जाऊन हेच करावं. त्यांची बोटं अजून पाव फेऱ्याचा फरक ओळखतात, तोवरच हे शक्य आहे.